पुढचा मुक्काम कुठला?

मालेगाव (जहाँगीर),
८ मे २०२५

प्यारे इमरान,

अस्सलामु अलैकुम. मी, अब्बा आणि आपलं खडखडणारं शिलाई मशीन, तिघंही खैरियतने आहोत. तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र किशनच्या हाती देते आहे. तो आज रात्रीच पुण्याला कामावर निघतोय.

आधी गावची खबर. टीव्हीवरच्या तुझ्या ‘दौड जोडी’च्या खेळानं सगळ्यांना खुळं केलंय. आम्ही मोबाइलवर ‘पुढचा मुक्काम’ नावाचा ग्रुप काढलाय. दर शनिवारी शेवटी ते अर्धवट चित्र दाखवतात ना, त्यावरून तू आणि तुझा तो जोडीदार धनराज पुढे कुठे धावणार हे आम्ही ओळखतो. या वेळी एक नगारा आणि आरसे लावलेल्या कापडाचं टोक दिसलं. झालं! किशनची बहीण संगीता म्हणते, आपल्या जवळची बंजाऱ्यांची पोहरादेवीच. कुणी म्हणतं राजस्थान. मी कच्छ म्हटलं, तर संगीता माझ्यावर रुसून बसली.

अब्बा संगीताच्या पार्टीत. त्यांचं म्हणणं, आपण बघतो त्याच दिवशी तुम्ही तिकडे धावत असता. सीट कव्हर शिवून घ्यायला येणाऱ्या प्रत्येकाला सांगतात, “जऊळक्याच्या टेशनावर उतरतीन, मंग मालेगावावरूनच जा लागते त्यायले.” दुकानाबाहेर बाक टाकलाय, शेजारी पाण्याचा माठ. “धावून धावून पोराले तहान लागली असन.” तू बर्फात कुडकुडत होतास त्या शनिवारी तर कपाटातून तुझा स्वेटर काढून बसले होते. शूटिंग केव्हाच संपलंय, हे मी त्यांना सांगितलं नाही.

कसं सांगणार होते? लगेच विचारलं असतं, मग तो आहे कुठे?

किशननं तुला ईदच्या आधी हडपसरला चहा पिताना पाहिलं. म्हणजे तू परत आलायस. पुण्याहून गावाकडे गाड्या चालू आहेत की बंद पडल्यात? ईदच्या दिवशी शीरखुर्म्याची वाटी अब्बांच्या हातात देताना मी म्हटलं, “खेळ चालू असताना त्यांना सुट्टी देत नाहीत.” सणाच्या दिवशी खोटं बोलले रे तुझ्यापायी. “बरोबर हाय,” म्हणाले आणि वाटी संपवली.

तू मनात काय धरून बसलायस ते मला माहीत आहे. निघालास तेव्हा ते ओरडले होते, “गेला तं या दुकानाची पायरी चढू नको!” तो शब्द त्यांनी अजून मागे घेतलेला नाही. कसा घ्यायचा ते त्यांना येतही नसेल.

आता खरी गोष्ट. काल किशन मोटरसायकलची सीट शिवून घ्यायला आला आणि सहज बोलून गेला, “चाचा, इमरान भेटला होता पुण्यात. मजेत हाय.” अब्बांनी मशीनही थांबवलं नाही. “म्हाईत हाय मले. ईदच्या आधीच तुह्या बापानं सांगतलं.”

किशन गेल्यावर मी विचारलं, “मग हा माठ कायले भरता रोज?”

“खेळ चालू हाय तोवर लोक इचारतात, पोरगं कुठं पोचलं? खेळ संपला की इचारतीन, पोरगं घरी काहून नाही आलं? मंग मी काय सांगू?”

म्हणजे मी त्यांना फसवत होते आणि ते मला. यात कुणी कुणाला सांभाळलं, तूच सांग, माझं तर डोकं चालेना. तुमच्या दोघांचाही असा राग आला, की मी भाकरी करपवली.

ग्रुपमध्ये बोलणं आहे की या शनिवारी तुमची जोडी खेळातून बाहेर पडते. खरं असेल तर रविवारी पहिलंच गिऱ्हाईक अब्बांना तो प्रश्न विचारेल. म्हणून मी कच्छ खोडलं आणि लिहिलं, ‘पुढचा मुक्काम मालेगाव, आमच्या दुकानासमोर.’ सगळ्यांनी हसणारी तोंडं पाठवली. अब्बांनी विचारलं, “काय म्हणून राह्यले लोकं?” मी लिहिलेलं त्यांना वाचून दाखवलं आणि म्हटलं, “शाहजादी येडी झाली म्हणतात.” बराच वेळ सुईत दोरा ओवत बसले. मग म्हणाले, “राहू दे तसंच. खोडू नको.”

आज सकाळी झाडताना एक गोष्ट ध्यानात आली. बाक पायरीच्या खाली आहे. माठही खालीच. जागा तर वर भरपूर होती. अब्बांनी मुद्दाम तसं ठेवलं की नाही, मला कळत नाही, आणि विचारायची हिंमत नाही.

पायरी चढू नकोस. नुसता येऊन बस.

तुझी,
शाहजादी आपा