पांढऱ्या साडीच्या पानाचं नाव

५ जानेवारी, सोमवार
आज पण एक ऑर्डर न्हाई. मोबाईलवर दुकानाचं पान आहे, फोटो आहे, कोपऱ्यात साड्यांची थप्पी आहे. घेणारं माणूस तेवढं न्हाई. नात शीतल (पुढं शी. च लिहीन, बोटं आखडतात) सकाळपासून मोबाईल घासून राहिली. ऑनलाईन दुकान काढून सात महिने झाले. माल एकच, आपल्या बौद्ध लग्नात नवरी नेसते ती पांढरी साडी, बारीक काठाची. हाच माल मी तीस वर्षं आठवडी बाजारात भुईवर बसून विकला. माझ्यापाशी गर्दी व्हायची. हिच्यापाशी काहून येत न्हाईत?
म्हणते, "आजी, लोक शोधतात तेव्हा आपलं पान लई मागं येतं."
म्हटलं, मग पुढं सरक ना बाई.

९ जाने., शुक्र.
शी. ची मैत्रीण रूपाली नांदेडला असते, दुकानांची पानं वर चढवायचंच काम करते. फोनवर दोघींचं तासभर. मी डाळ निवडत ऐकत होते. पानाला वर एक मोठं नाव असतं, टायटल म्हणतात. ते वाचून मशीन ठरवतं कोणाला आधी दाखवायचं. शी. नं नाव दिलेलं, शुभ्र मंगल साडी. रूपाली हसत सुटली. "शुभ्र कोण टाइप करतं गं? तुला आवडतं ते नको, लोक लिहितात ते नाव दे."
अक्कल आहे पोरीला. बाजारात मी तेच करायचे. कोण येतं ते बघून ओरडायचं. नवरीची माय दिसली की लग्नाची साडी. मास्तरीण दिसली की झेंडावंदनाची साडी. कापड तेच.
फरक एवढाच, पानाला समोरच्याचं तोंड दिसत न्हाई. एकच आरोळी, सगळ्या दुनियेला.

१६ जाने., शुक्र.
रूपालीनं यादी धाडली, लोक काय काय लिहून शोधतात त्याची. लग्नाची पांढरी साडी शोधणारे बोटावर मोजायचे. सगळ्यात वर हिंदीतलं. शोकसभा सफेद साड़ी. तिकडं मयताच्या घरी बाया पांढरं नेसून बसतात.
शी. नं दोन दिवस ती यादी वर-खाली केली. आज विचारलं, "आजी, ठेवू का हे नाव?"
मी म्हटलं ठेव. मेल्याच्या घरी बी कापड लागतंच.
असं मीच म्हटलं. लिहून ठेवते, नंतर नाकबूल व्हायला नको.

२९ जाने., गुरु.
पान चढून राहिलं. आठ दिवसांत ऑर्डरी सुरू. कानपूर, इंदूर, रायपूर. मोबाईल वाजला की समजायचं, कुठंतरी कोणी गेलं. सगळे लिहितात लवकर धाडा. शी. पत्ते वाचते, मी घड्या घालते. काल एका गल्लीतून दोन आल्या. सासू-सून असतील.
एका बाईनं लिहिलं, "हमारे घर मौत हुई है, ये लड़की हँस क्यों रही है?"
खरंच की. नाव बदललं, फोटो बदलायचा राहिला. फोटोत शी. च आहे, गजरा, हातभर बांगड्या, सगळे दात बाहेर.
मला हसू आवरेना. शी. चिडली.

२ फेब्रु., सोम.
नवा फोटो काढला. अंगणात, भिंतीपुढं. कपाळ मोकळं, हात मोकळे, मान खाली. डोक्यावरचा पदर मीच सारखा केला, अन् मीच म्हटलं, ओठ मीट.
फोटो बघितला अन् मोबाईल पालथा ठेवला.
मी मानत न्हाई असलं काही. हे गेले तेव्हा बांगड्यांना हात लावू दिला न्हाई कोणाला. चौथ्या दिवशी हिरवं लुगडं नेसून बाजारात बसले. बाया बघून थुंकल्या, मग त्याच बायांनी माझ्यापासून साड्या घेतल्या. तरी मोबाईल पालथा ठेवला. झालं ते झालं.
शी. चं लग्न एप्रिलात. अमोल, कळमनुरीचा, औषधाच्या दुकानात कामाला. पोरगा बरा आहे. कमी बोलतो, म्हणजे एक तर शहाणा न्हाई तर...

११ फेब्रु., बुध.
पहिल्या नंबरला आलं! शी. घरभर नाचली. बापाला दाखवायला गॅरेजवर गेली, फाट्यावर. माझा लेक प्रकाश. त्यानं हात पुसले, बघितलं, मोबाईल परत दिला अन् गाडीखाली शिरला. 
शी. घरी येऊन म्हणते, "बाबाला काही कळतच न्हाई ऑनलाईनचं."
त्याला बराबर कळलं. त्या फोटोत शी. तिच्या मायसारखी दिसते. ती गेल्याला सहा वर्षं झाली. शेवटी शेवटी अशीच मान खाली घालून बसायची.
मी पोरीला सांगितलं न्हाई.

१५ फेब्रु., रवि.
अमोलची आई आली, शोभाबाई. चप्पल काढायच्या आधी मोबाईल काढला.
"आजी, हे काय आहे? माझं लेकरू जितं आहे."
"साडीचा फोटो आहे, विहीणबाई. बसा."
"वर काय लिहिलं ते वाचा. एका नातलगानं धाडला मला. विचारतो, तुमच्या होणाऱ्या सुनेचा नवरा कधी गेला?"
मला पुन्हा हसू येऊन राहिलं होतं, गिळलं. म्हटलं, "आपल्यात कुठं मानतात हे? तुमी नेसलाच ना लग्नात पांढरं?"
"आमी न्हाईच मानत," म्हणाली. मोबाईल माझ्यापुढं धरला. "पण काढा."
शी. म्हणाली, "मामी, फोटो आत्ता काढते, तुमच्यासमोर. नाव न्हाई. नाव काढलं की पान तळाला जाईल."
"नाव बी काढायचं. लग्नाच्या आधी. न्हाई तर..."  चहा तसाच ठेवून गेली.
आता पानावर नुसती साडी आहे, दोरीवर वाळत घातलेली. ऑर्डरी कमी झाल्या न्हाईत. लोकांना पोरीशी देणंघेणं नव्हतंच.

२४ फेब्रु., मंगळ.
अमोल आला होता. दारातच उभा. शी. नं सांगितलं, "लग्नाच्या आठ दिवस आधी बदलते नाव. तोपर्यंत चालू दे. आईला तू समजाव."
"समजावतो," म्हणाला. मी मनात म्हटलं, समजावला!
मग जाता जाता म्हणाला, "न्हाई बदललं तरी चालंल मला. तुझं दुकान आहे. मी रोज गोळ्या विकतो, आजारी माणसालाच विकतो ना?"
चांगलं बोलला. मी त्याला उगाच बावळट धरून बसले होते.

५ मार्च, गुरु.
अमोलला ट्रकनं उडवलं. फाट्याच्या अलीकडं, दिवसाढवळ्या. मोटरसायकल चेपली. डोक्याला मार. नांदेडला नेलं.
शी. अन् प्र. गेले.
भाकरी टोपल्यात तशाच.

६ मार्च, शुक्र.
शुद्ध न्हाई. काचेतून बघू देतात.
शोभाबाईनं दवाखान्यात सगळ्या नातलगांसमोर शी. ला विचारलं, "ते नाव अजून आहे का?"
शी. म्हणाली, आहे.
 बाकावर बाजूला बसलेली बाई उठून पलीकडं गेली म्हणे.
दुकानाचा मोबाईल घरी माझ्यापाशी. चार ऑर्डरी. शी. नं दुपारी येऊन बांधल्या, पत्ते चिकटवले, परत गेली. जेवली न्हाई. हात तेवढे चालू.

७ मार्च, शनि.
मी म्हटलं, बदलून टाक बाई. एवीतेवी बदलणारच होतीस.
"बदलणार होते, आजी. आता न्हाई. आता बदललं तर त्या नावानंच ट्रक आणला असं होईल. मीच आणला असं होईल."
 बोलण्यात माझ्यावर गेली. अशा वेळी तकलीफ होते त्याची.

१० मार्च, मंगळ.
शोभाबाईचा फोन. मला. "आजी, पाया पडते तुमच्या. पोरगी ऐकत न्हाई. तुमी तरी काढा."
ठसक्यात बोलणारी बाई, फोनवर हुंदके देऊन राहिली. म्हटलं मला येत न्हाई ते.
खोटं बोलले. येतं. ऑर्डर कशी बघायची, नाव कुठं लिहायचं, शी. नंच शिकवलं होतं, कौतुकानं.
घरी कोणी नव्हतं. चष्मा लावला. जुनं नाव एक एक अक्षर पुसलं. पुढं काय लिहावं सुचेना. पांढरी साडी, एवढंच लिहिलं. दाबलं.
त्या बाईचं रडणं थांबावं म्हणून केलं, असं लिहिणार होते. ते बी खोटं. भ्याले मी.

१३ मार्च, शुक्र.
अमोलनं डोळे उघडले. पाणी मागितलं.
प्र. नं फोनवर सांगितलं.
मग पुढचं सांगितलं त्यानं. शोभाबाईनं बाहेर सगळ्यांना सांगितलं, नाव काढलं अन् तिसऱ्या दिवशी पोरगा शुद्धीवर आला. डॉक्टर तिथंच उभा होता. त्यानं मान हलवली अन् गेला.
नाव काढलं हे शी. ला तिथं कळलं. सगळ्यांच्या संगट.

१४ मार्च, शनि.
"आजी, तू?"
"व्हय."
पोरगी ओरडली असती तर बरं झालं असतं. साडीची घडी घालत बोलली.
"पुरावा दिलास तू त्यांना. आता त्या घरात कोणाला ताप आला, म्हैस आटली, तर शीतलनं काय केलं ते आधी बघतील."
"पोरगा वाचला ना."
"तो औषधानं वाचला."
"मला काय माहीत न्हाई का ते?"
"मग बदललंस काहून?"
बाजारात तीस वर्षं एकाला बी उत्तराशिवाय जाऊ दिलं न्हाई मी. आज तिच्या हातातल्या घडीचं दुसरं टोक धरलं.

१८ मार्च, बुध.
पान घसरलं. पहिल्यावरून कुठं गेलं, शी. नं मोजायचंच सोडलं. रूपाली म्हणते जुनं नाव परत दिलं तरी लगेच चढत न्हाई, मधे दुसरी दुकानं येऊन बसतात. "पण देऊन बघ, शीतल."
शी. बघते म्हणाली. बघितलं न्हाई. नाव मी लिहिलं तेच आहे अजून.
दवाखान्यात रोज जाते. अमोल तिच्याशी बोलतो, चार-पाच शब्द. डोकं दुखतं त्याचं. त्याला यातलं कोणी सांगितलेलं न्हाई. ती बी सांगत न्हाई.

२२ मार्च, रवि.
शोभाबाईचा फोन. शी. नं स्पीकरवर टाकला, मला ऐकू यावं म्हणूनच टाकला असंल. आवाज एकदम गोड. "मंगळवारी घरी आणतोय अमोलला. तू ये बेटा. झालं गेलं सोडू. तारीख पुढं घेऊ, लग्न होईल. ते दुकान तेवढं आता नको. अन् हे बघ, भेटायला येशील ना, तर पांढरं नेसून येऊ नको. माझ्या जिवाला बरं वाटत न्हाई."
शी. नं ऐकून घेतलं सगळं. मग विचारलं, "मामी, मग लग्नात काय नेसू?"
 फोन चालू होता, तिकडं मागं कोणीतरी भांडी लावत होतं ते ऐकू येत होतं. शी. नं बी ठेवला न्हाई.