तुझं लग्न खोटं नव्हतं

प्रिय न्हुंग,

पाकिटावरचं माझं नाव पाहून तू हे पत्र न फोडता चुलीत घातलंस, तरी मला बोलायला तोंड नाही. तुझा पत्ता मोकपो शहरातल्या महिला आधारगृहाच्या बाईंकडून मिळाला. आधी देतच नव्हत्या. "आजी, तिच्याकडून अजून काय घ्यायचं राहिलंय?" म्हणाल्या. मी तशीच बाकावर बसून राहिले. बेटावर परतायची शेवटची बोट चुकली, तेव्हा कुठे त्यांनी कागदावर लिहून दिला.

इकडे समुद्रातल्या खायच्या शेवाळाचा हंगाम सुरू झालाय. माझे गुडघे आता बोटीत चढू देत नाहीत. किनाऱ्यावर बसून जाळी तेवढी नीट करते. मागच्या आठवड्यात सगळ्या जणी मिळून हिवाळ्यासाठी कोबीची किमची मुरवत घालत होतो, तेव्हा सरपंचांची बायको म्हणाली, "तुमची सून असती, तर एव्हाना सगळा कोबी मिठात पडला असता." मी कोबी चिरत राहिले. पहिल्या हिवाळ्यात तू आमची किमची खायचीस, डोळ्यांतून घळघळा पाणी वाहायचं आणि म्हणायचीस, "तिखट नाही हो आई, नुसती गार आहे." या पोरीला खोटं बोलता येत नाही, हे मला त्याच दिवशी कळलं होतं.

आणि मी काय केलं? माझा लेक डोंग-छल पिऊन आला, की मी टीव्हीचा आवाज वाढवायचे. तो झोपला की मलम घेऊन तुझ्याकडे यायचे. पाठीला लावता लावता म्हणायचे, "सोस पोरी, याचे वडीलही असेच होते."  मला वाटायचं, मी तुझ्यावर माया करतेय.

अशी पाच वर्षं काढलीस तू. आमच्या देशात कायम राहण्याच्या परवान्याचा अर्ज भरलास आणि त्याच वसंतात त्याने तुझं मनगट मोडलं. सकाळच्या पहिल्या बोटीने तू गेलीस. मी खिडकीतून पाहिलं, हाक मारली नाही. त्याने लगेच परवान्याच्या कचेरीत तक्रार केली, लग्न बनावट होतं, बाईला नुसते कागद हवे होते, काम होत आलं तशी पळाली. चौकशीला साहेब घरी आले. त्याआधी डोंग-छल मला म्हणाला होता, "तू खरं सांगितलंस तर मी तुरुंगात. मग तुझ्या म्हातारपणी कोण गं?"

मी लसूण सोलत बसले होते. साहेब तरुण होते, आदराने बोलले. "आजी, सून खरोखर संसार करत होती का?" मी मान वर केली नाही. म्हटलं, "कागदांसाठी आली होती ती. कसला संसार?" त्यांनी ते लिहून घेतलं आणि खाली सहीच्या जागी माझा शिक्का घेतला. दोन-चार पाकळ्या सोलून होईपर्यंत तुझी पाच वर्षं मी पुसून टाकली.

तुला तुझ्या देशात परत पाठवायच्या आदल्या दिवशी तू फोन केलास. "आई, तुम्ही असं का सांगितलंत?" एवढंच विचारलंस. मी फोन ठेवून दिला.

गेल्या महिन्यात मी त्या कचेरीत गेले. टीव्हीचा आवाज, मलम, मनगट, सगळं सांगितलं. या वेळी दुसरे साहेब होते. म्हणाले, "आजी, खोटं सांगितलंत म्हणून तुमच्यावरही कारवाई होईल." म्हटलं, होऊ दे. त्या जबाबाची नक्कल सोबत ठेवलीय. आधारगृहाच्या वकिलांच्या मते तुझं प्रकरण त्यावर पुन्हा उघडता येईल, पण खात्री ते देत नाहीत. परत यायचं की नाही, तुझं तू ठरव. या घरात ये, असं मी म्हणणार नाही. डोंग-छल माझ्याशी बोलत नाही. ताट उचलतो आणि आपल्या खोलीत जातो.

इतकी वर्षं जमलं नाही ते आताच का सुचलं, असं तू विचारशील. त्याने दुसरं लग्न ठरवलंय. एकवीस वर्षांची मुलगी आहे, हुएन नावाची, तुमच्याच कान थो शहराकडची. दलालाने पाठवलेल्या कागदांत तिचा फोटो पाहिला. पुढच्या महिन्यात येणार आहे. कचेरीत म्हणतात, चौकशी पुरी होईपर्यंत थांबवता येणार नाही. तुमच्या भाषेतलं मला "जेवलीस का" एवढंच येतं. पत्राच्या मागे तिच्या आईवडिलांचा पत्ता आहे. एकेक अक्षर बघून काढलंय, चुकलं असेल तर तू लावून घे. तुझ्याकडे काही मागायचा मला हक्क नाही, तरी मागते. त्यांच्या घरी जा. मुलाच्या आईनेच सांगितलंय म्हणून सांग, की पोरीला इकडे पाठवू नका. ती विमानात बसायच्या आत जा.

तुझीच,
ओक-बुन, जिला तू आई म्हणायचीस