पेटीतल्या पाव्हण्याला मुक्ती

१० नोव्हेंबर, सोमवार
नात तेजस्विनी फिजिओथेरपीच्या कॉलेजातून हाडांची पेटी घेऊन आली. शुक्रवारी तिची प्रॅक्टिकल हाय. पेटीवरचं इंग्रजी मी अक्षर जुळवून वाचलं, स्केलेटल. चौथी शिकलेल्या बाईनं! तेजू म्हणाली, ते विशेषण हाय, हाडांच्या सांगाड्याचं जे जे असेल ते स्केलेटल. पार हडकलेल्या माणसालाही म्हणतात. लय गोड समजावते पोरगी. मग तिनं झाकण उघडलं. आत कवटी. मी चहा टाकायला उठले. घाबरून नाय, चहाची वेळच झाली होती.

११ नोव्हेंबर
पेटी माझ्या पलंगाखाली ठेवलीय. मी हॉलमध्ये झोपले ते पंख्यासाठी. थंडी हाय, पण पंखा बरा असतो.
दुपारी शेजारच्या अंबूबाईला म्हटलं, तुझी सून स्केलेटल झाली, तिला तूप घाल. माझं इंग्रजी ऐकून तूप काढायलाच पळाली.

१२ नोव्हेंबर
कोण असेल बिचारा? कुणाचा तरी लेक. त्याला ना अग्नी, ना पाणी. पेटीपुढं वरणभात ठेवला. मुलगा शेखर सातपूरहून शिफ्ट करून आला, ताट कुणाचं विचारलं. मांजराचं म्हटलं. आपल्याकडं मांजर नाय, हे त्याच्या ध्यानात आलं नाय.
ठरलं. उद्या रामकुंडावर नेते. तिथं अस्थी विरून जातात, आमच्या ह्यांच्या गेल्या तशा. तेजूला अभ्यासाला पुस्तक हाय की.

१३ नोव्हेंबर, दुपारी
तेजू कॉलेजला गेली न् मी पेटी घेऊन बसनं निघाले. मांडीवर नाय घेतली, पाव्हण्याला सलगी आवडत नाय. गुरुजींनी मयताचं नाव विचारलं. स्केलेटल, म्हटलं. गोत्र ठाऊक नाय म्हणून कश्यप लावलं. काठावरूनच वाकले, पाणी गार ना. डोळे मिटून पेटी उपडी केली.
उघडले तर सगळी तरंगत होती. कवटी माझ्याकडंच येत होती. आधी गुरुजी पळाले, हे लिहून ठेवते. एका बाईनं बादलीनं कवटी ओढली, टिचकी मारली न् म्हणाली, "प्लास्टिकची हाय, आजी."

संध्याकाळी
बाकी हाडं गोळा करून आणली, गुडघ्याची वाटी तेवढी वाहून गेली. नेमका तेजूचा अभ्यास गुडघ्याचा. पोरगी आधी रडली, मग मला स्टुलावर बसवलं. मान, खांदा, बरगड्या चाचपत इंग्रजी नावं म्हणत गेली. माझी वाटी बोटांनी इकडं-तिकडं सरकवली. मी विचारलं, हे समदं माझ्यात हाय?
"सगळं, आजी. आणि तुझी खरी आहेत."

१४ नोव्हेंबर, शुक्रवार
तेजूला सरांनी गुडघाच विचारला, तिनं फडाफडा सांगितलं म्हणे. लय आनंद झाला. पेढे आणायला उठणार होते, पण सकाळपासून एकाच जागी बसून हाय. भीती कसली. मी हलले की आतला पाव्हणा बी हलतो, एवढंच.