धुरपताकाकींची पेज

काशी, कार्तिक शुद्ध सप्तमी, शके १८४०

चिरंजीव उदाराम यास थोरला बंधू दुलीचंद याचे आशीर्वाद. मानमोडीच्या साथीचा ज्वर इकडे ओसरला असून माझी प्रकृती ठीक आहे. आईचा खोकला कसा आहे?

तू विचारतोस, "दादा, शेजारी धुरपताकाकीकडं सुतक आहे. पाणी द्यायले गेलो तं दोष लागल का?" काकाजी त्याच ज्वराने वारल्याला एकवीस दिवस झाले, हेही तूच लिहितोस. सुतक दहा दिवसांचे असते. तेव्हा तुझा प्रश्न शास्त्राचा नसून भीतीचा आहे, असा मला संशय येतो. भीती वाटणे हा दोष नव्हे. तिला धर्माचे सोवळे नेसवणे हा दोष आहे. तहानलेल्याला पाणी देणे सुतकातही कर्तव्यच असते.

पुढे तू गमतीने लिहितोस की काकी अंथरुणावरून ओरडतात, "आज पेज आळणी काऊन आणली वो?" त्या घरात चूल पेटवायला उठेल असे कोणी उरलेले नाही, तरी पेज आहे; अर्थात ती दुसऱ्या चुलीवरून येते. जवळ चूल आहे ती आपलीच. यावरून तुझी पत्नी शामकला तुला न सांगता तिथे जाते, असे माझे अनुमान आहे.

तिच्यावर रागावू नकोस. तिच्या अंगावर तान्हे मूल आहे. उद्यापासून भांडे तू घेऊन जा.

आणखी एक. तुझ्या पत्रात बैलांचीसुद्धा खुशाली आहे, शामकलेचे मात्र नावही नाही. तिची प्रकृती कशी आहे, ते तिच्याच शब्दांत लिहून पाठव. तुझ्या 'सर्व खुशाल'वर माझा विश्वास उरलेला नाही.

उलट टपालाची वाट पाहणारा,
दुलीचंद