पिवळी पट्टी

४ मार्च

मास्तर पुन्हा गायब.

सकाळी फाइल उघडली तर वरच्या पट्ट्यात त्याची खूण नाही. खाली लाल-निळ्या रेघा नाहीत. पान स्वच्छ. बरं वाटलं.

मास्तर म्हणजे ऑफिसच्या संगणकांवर बसवलेलं, लिहायच्या प्रोग्रॅमला जोडलेलं व्याकरण तपासायचं ॲड-इन. नाव आमच्या चित्रकाराने ठेवलं. लिफ्टच्या वापरपुस्तिका अठ्ठावीस वर्षं मी तपासल्या. आता मास्तर तपासणार. एक एप्रिलपासून मी तळघरात, जुन्या फायलींच्या खोलीत. बदलीच्या कागदावर सही धाकटीची. "निर्णय वरून झालाय, ताई." वरून म्हणजे आभाळातून पडला असेल.

धाकटी हे नाव मीच ठेवलेलं. ऑफिसात नवी आली तेव्हा पूर्णविराम कुठे द्यायचा ते मला विचारायची. माझ्या टेबलाच्या कोपऱ्याशी खुर्ची ओढून शिकली. आता विभागप्रमुख, काचेच्या खोलीत. मी तिला मॅडम म्हणते. ती मला अजून ताई म्हणते. ते जास्त लागतं.

लिहून ठेवते आहे. माझा राग टिकत नाही. हा टिकायला हवा.

५ मार्च

मास्तरच्या तक्रारींची नोंद मीच ठेवायची — फर्मान. आपला खड्डा आपण खणायचा, वर लांबी-रुंदीही लिहून द्यायची.

मास्तरच्या पोटात काय भरलंय तेही आज पाहिलं. माझी नियमांची वही. अकरा वर्षं लिहीत होते, एकशे चाळीस पानं. जशीच्या तशी. पहिल्या पानावर धाकटीचं नाव. माझं कुठेच नाही. शोधलं.

"ताई, वहीचं चीज झालं की नाही?"

"झालं, मॅडम."

८ मार्च

तंत्रज्ञ आला होता. पन्नाशीचा, चष्मा कायम कपाळावर, मग तोच शोधत बसतो. मास्तर काढला, पुन्हा बसवला. भाषा तपासली, इंटरनेट तपासलं, पासवर्ड नव्याने टाकला. रेघा उमटल्या. "घोडं उठलं," म्हणाला.

जेवणाच्या सुट्टीनंतर घोडं आडवं.

११ मार्च

सापडलं.

मोठी फाइल उघडताना वर एक पिवळी पट्टी येते. 'या ॲड-इनमुळे उघडायला वेळ लागतो आहे. बंद करायचं?' सगळे 'हो' दाबतात. न वाचता, माशी हाकलावी तसं. दिवसभर वाचून पोट भरणारी माणसं आम्ही, आणि दीड ओळ कोणी वाचत नाही. मीही दाबत होतेच.

एकदा 'हो' म्हटलं की मास्तर बंद केलेल्यांच्या यादीत जाऊन बसतो. काढून पुन्हा बसवला तरी यादीतून सुटत नाही. पर्यायांत जाऊन तिथून सोडवावा लागतो. चार क्लिक. करून पाहिलं. आला.

पुन्हा बंद केला. कोणाला बोलले नाही.

१२ मार्च

तंत्रज्ञाने विचारलं, "ताई, तुमच्या मशिनवर वेगळं काही दिसलं का हो?"

"नाही बुवा."

चहा पाजला त्याला.

१५ मार्च

तंत्रज्ञ फिरकत नाही. हात टेकले वाटतं. धाकटी काचेआड शांत. एवढी शांत कशी, कळत नाही. काळजी आतून पोखरत असेल. पोखरू दे.

हे म्हणाले, "सोड गं. चौदा महिने राहिलेत निवृत्तीला. आणि तळघर उन्हाळ्यात गार असतं."

"मग तुम्ही जाऊन बसा."

"मला कोण घेतंय?"

हसू आलं होतं. दाबलं.

१९ मार्च

संचालकांची बैठक सव्वीसला. मास्तरचं काय झालं ते धाकटीने सांगायचं.

जिन्यात गाठलं तिने. "ताई, बैठकीला तुम्ही नाही आलात तरी चालेल."

"येईन की."

"उगाच कशाला दगदग?"

"नोंदी माझ्याकडे आहेत, मॅडम."

भराभर जिना उतरून गेली. मला लपवायचा बेत आहे तिचा. वही लपवली तशी.

ठरलं. ती सांगेल, कोणालाच जमलं नाही. मग मी उठेन. सगळ्यांसमोर चार क्लिक. विभागप्रमुखाला दीड ओळ वाचता आली नाही, हे मला तोंडाने म्हणावंही लागणार नाही. मी तळघरात जाणारच आहे. तिची काच फोडून जाईन.

२५ मार्च

घरी दहादा सराव केला. हे म्हणाले, "परीक्षा आहे का?" हो म्हटलं.

२६ मार्च

लांबट टेबल, भिंतीवर पडदा, तीन संचालक. मी दाराजवळच्या खुर्चीत.

मोठे साहेब म्हणाले, "म्हणजे महिनाभरात कोणालाच जमलं नाही?"

"नाही, साहेब. म्हणून माझं असं मत आहे की —"

मी उठले. "एक मिनिट, मॅडम."

तिच्याच लॅपटॉपवर. पर्याय, यादी, नाव, 'चालू करा'. फाइल बंद करून उघडली. पिवळी पट्टी आली. सगळ्यांना वाचू दिली. 'नाही' दाबलं. मास्तर आला. धाकटीच्याच अहवालावर लाल रेघा, पडदाभर. सतरा. मोजल्या.

"एवढंच होतं?" साहेब.

"एवढंच. दीड ओळ वाचायची होती. मॅडमच्या नजरेतून सुटली असेल."

एक संचालक फसकन हसले. दुसरे धाकटीकडे बघत राहिले. धाकटी माझ्याकडे. रागावेल असं वाटलं होतं. राग नव्हता. काय होतं, ओळखू आलं नाही. लाज असेल.

"मग प्रश्नच मिटला," साहेब म्हणाले. "ठरल्याप्रमाणे एक तारखेपासून."

धाकटीने लॅपटॉप मिटला.

रात्री दोन घास जास्त गेले.

२७ मार्च

तिने दिवसभरात एकदाही 'ताई' म्हटलं नाही. जिंकले.

२९ मार्च

तंत्रज्ञ माझं मशिन तळघरात हलवायला आला. वायरी सोडवता सोडवता म्हणाला, "तुम्हाला विचारलं ना, त्याच्या दुसऱ्याच दिवशी मलाही सापडली ती पट्टी. लगेच मॅडमना सांगितलं. त्या म्हणाल्या, गप्प बसा. महिनाभर मास्तर चालला नाही तर साहेब नाद सोडतील, ताईंची बदलीही रद्द होईल. तसं साहेबांकडून कबूल करून घेतलंय म्हणाल्या."

मी म्हटलं, "मग मला का नाही सांगितलं?"

तो वायर गुंडाळत राहिला.

"मी म्हटलं होतं, सांगू या. त्या म्हणाल्या, नको. ताईंना खोटं बोलता येत नाही."