जाळी कोणी काढली?

तीर्थरूप बाबा,
पाया पडते. खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर होतं. आईला सांगा, खोकला जवळजवळ गेलाय. तिचे गुडघे कसे आहेत?

काल कामगार न्यायालयात युनियनचा साक्षीदार उभा होता. यंत्रात त्याची दोन बोटं गेलीत. त्याची वकील म्हणून मी बजावलं होतं, विचारतील तेवढंच बोला. कंपनीच्या वकिलांनी विचारलं, "यंत्रावरची सुरक्षेची जाळी कोणी काढली?"

हा पठ्ठ्या ताठ मानेने म्हणाला, "मीच. जाळी लावून ठरलेला माल निघतच नाही. ती खोलायला साहेबच पाना आणून देतात."

मी मनातल्या मनात त्याला चार शिव्या हासडल्या. पण न्यायाधीशांनी लिहिता लिहिता मान वर केली. "आणखी कोणाला दिला?" मागच्या बाकावरचे चौघे कामगार आपणहून उभे राहिले.

निकाल लागायचाय. मला मात्र झोप नाही.

बाबा, कारखान्यात तुमचा अंगठा गेला तेव्हा जाळी आधीच तुटलेली होती, असं तुम्ही आम्हाला सांगत आलात. आम्हीही कधी खोदून विचारलं नाही. आता विचारते, रागावू नका. तुम्हाला पाना कोणी दिला होता?

तुमची,
भांडकुदळ लेक