मावशीचा नंबर

प्रिय धाकटे,

‘प्रिय’ लिहिताना पेन जरा अडखळलं, ते तुझ्यापासून लपवत नाही. आपलं शेवटचं बोलणं झालं तेव्हा मी तुला आगाऊ म्हणाले होते आणि तू फोन ठेवून दिलास. तुझ्या जागी मी असते तर मीही ठेवला असता. हे पत्र तुमच्याच कंपनीच्या दुपारच्या गाडीच्या ड्रायव्हरकडे देणार आहे, तो जाडा, सारखी शीळ घालणारा. उद्या सकाळी तू ड्यूटीवर आलीस की डेपोत तुझ्या हातात पडेल. फोनवर मला हे जमणार नाही. फोनवर तू एक तर मध्येच हसतेस नाहीतर गप्प बसतेस, आणि दोन्हीने माझं डोकं फिरतं. शेवटपर्यंत वाच. अर्ध्यातच चुरगाळून खिशात कोंबू नकोस, तुझी ती जुनी सवय आहे.

मी तुझ्यावर जळते. घे, लिहून टाकलं. आज नाही, पहिल्यापासून. आपलं मांजर दूध माझ्या हातचं प्यायचं आणि झोपायचं तुझ्या मांडीवर. बाबांना चहा मी नेला की ‘ठेव तिथे’, आणि तू रिकाम्या हाताने गेलीस की ‘ये गं, बस’. आई आजारी होती तेव्हा औषधं घड्याळ लावून मी दिली आणि ती दाराकडे बघत विचारायची, धाकटी कधी येणार? तू यायचीस, दोन विनोद करायचीस, आई उठून बसायची. राबायचं मी आणि लाडकी तू. मी तक्रार करत नव्हते, मोठ्या बहिणीने करायची नसते म्हणतात. नुसती मनातल्या मनात जळायचे आणि तुझ्या ताटात एक घास कमी वाढायचे. तुला ते कधी कळलंही नाही, याचाही मला राग यायचा.

पण मांजर, आई, बाबा, इथपर्यंत मी चालवून घेतलं. माझी पोरगीही तुझ्याकडेच जाईल असं मात्र वाटलं नव्हतं. तेरा वर्षांची झाली ती. शाळा सुटली की माझ्या शिलाईच्या दुकानात येते, कोपऱ्यातल्या स्टुलावर बसून गिऱ्हाइकांच्या शर्टांना बटणं लावते. मी विचारायचे, कशी झाली शाळा? ‘ठीक.’ डबा खाल्लास? ‘हो.’ बस, संपलं. साडेचार वाजले की फोन घेऊन दुकानामागच्या जिन्यात जाऊन बसायची, आणि मग तिथून जो काही झरा सुरू व्हायचा! मी मशीन थांबवून ऐकायचे. शब्द कळायचे नाहीत, नुसता आवाज. एकदा एकेचाळीस मिनिटं. मी भिंतीवरच्या घड्याळात बघितलं होतं. आपली आई किती कौतुकाने म्हणायची, माय मरो, मावशी जगो. म्हण करणाऱ्याने त्यातल्या पहिल्या दोन शब्दांचा कधी विचार केला असेल का, कोण जाणे. आणि मावशी तरी कशी? बटण तुटलं तर युनिफॉर्मला स्टेपलर मारून बस चालवायला बसणारी. मला खरंच कळायचं नाही, की तुझ्यात असं काय आहे.

आता कपड्यांचं सांगते. तुला फोनवर सांगितलं नव्हतं, कुणालाच सांगितलं नव्हतं. शाळा सुरू होऊन महिना झाला असेल, ती बाही उसवलेला शर्ट घेऊन आली. बाकाला अडकला म्हणाली. मी दोन शब्द सुनावले आणि शिवून दिला. मग स्कर्टची प्लीट. मग खिसा. मग पाठीवर बोटभर फाटलेलं. सहा महिन्यांत सात वेळा. तुला माझं काम माहीत आहे. कापडाच्या आतल्या दुमडीतून धागा काढायचा आणि त्याच धाग्याने रफू करायचं, म्हणजे रंगात फरक पडत नाही. उलट्या बाजूनेही कुणाला सापडायचं नाही. मला त्याचा केवढा तोरा! इस्त्री करून तिच्यापुढे धरायचे आणि म्हणायचे, शोध बघू कुठे फाटलं होतं ते. ती बिचारी दिव्याखाली धरून बघायची आणि म्हणायची, नाही सापडत. मी खूश व्हायचे.

आणि धाकटे, मला कळायला हवं होतं. नाही, खोटं कशाला लिहू, मला कळलं होतं. फाटलेल्या कापडाचे धागे पिंजारलेले असतात, लांब-आखूड. कातरीने कापलेल्याचे टोकाशी एकसारखे, सरळ. बावीस वर्षं हेच बघतेय, झोपेतही ओळखेन. तिसऱ्या खेपेला, तो खिसा हातात घेतला तेव्हाच दिसलं होतं. मी त्यावर बोट फिरवलं, तिच्याकडे बघितलं, ती बटणं लावत होती. मी काही विचारलं नाही. विचारलं असतं आणि तिने ‘काही नाही’ म्हटलं असतं, तर मला पुढे काय करावं सुचलं नसतं. शिवणं येतं, म्हणून शिवून टाकलं.

मग तुझा तो फोन आला. चार मुलींचं टोळकं आहे, त्यातल्या एकीची आई आपल्या दुकानातली गिऱ्हाईक आहे, ती मुलगी एकदा कपडे न्यायला आली आणि हिला स्टुलावर बटणं लावताना बघून गेली. तेव्हापासून वर्गात हिचं नाव ‘ठिगळ’. ही बसली की बाकावरून सगळ्या उठतात. मोबाइलवर वर्गाचा ग्रुप आहे, त्यात हिच्या कपड्यांचे फोटो टाकून हसतात. हस्तकलेच्या तासाला कातर हातात आली की मागून कापतात, आणि म्हणतात, जा, आईकडून ठिगळ लावून आण. तू हे सगळं सांगत होतीस, आणि मला काय ऐकू आलं माहीत आहे? एवढंच, की ‘ताई, ती मला दोन महिन्यांपासून सांगतेय.’ दोन महिने! माझ्या पोटची पोर, माझ्यापासून चार पायऱ्यांवर बसून, शंभर मैलांवरच्या तुला सांगत होती. मग मी बोलले ते बोलले. माझ्या मुलीबद्दल मला तू सांगणार? आधी एक मूल वाढवून दाखव. हे वाक्य मी तुला म्हटलं. तुझं दुखणं मला माहीत असून म्हटलं, लागावं म्हणूनच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी तडक शाळेत गेले. तुझ्यापेक्षा आधी मी सोडवणार, असं डोक्यात होतं. मुख्याध्यापिका बाई शांत होत्या. म्हणाल्या, कापलेले कपडे दाखवा. मी पिशवीतून शर्ट काढला, त्यांनी उलटसुलट केला, वर्गशिक्षिकेने खिडकीशी नेऊन बघितला. दोघींनाही काही सापडलं नाही. हा तर नव्यासारखा आहे, असं म्हणून त्यांनी घडी करून मला परत दिला. मी त्यांना जागा दाखवत होते, इथे, हे बघा, इथे, आणि त्या माझ्याकडे बघत होत्या. मुलींना बोलावलं. चौघी म्हणाल्या, आम्ही तर मैत्रिणी आहोत. त्या दिवसापासून हिचं तक्रारखोर हे दुसरं नाव पडलं. आता मी नवीन कापलेलं काही शिवत नाही. मागच्या आठवड्यात दप्तरात तळाशी कोंबलेला, आठव्या खेपेला कापलेला शर्ट सापडला, तो तसाच शाळेत नेऊन टेबलावर ठेवला. या वेळी मात्र कुठे कापलंय ते बाईंनी स्वतः बोट ठेवून बघितलं. चौघींच्या पालकांना बोलावलं आहे. पण उशीर झाला गं.

तुझंही आठवतं मला. तुझा तो जाड भिंगांचा चष्मा, आणि तुझ्या वर्गातली पोरं तो फेकाफेकी करायची. मधल्या सुट्टीत मी मैदानाच्या दुसऱ्या टोकाला माझ्या मैत्रिणींबरोबर डबा खायचे, तुझ्याकडे पाठ करून. तू एकदाही माझ्याकडे आली नाहीस, आणि घरी सांगितलंही नाहीस. म्हणून तुला तिचं सगळं न सांगता कळत असेल. तुला ते भोगून माहीत, मला नाही. मला त्याचासुद्धा हेवा वाटला, धाकटे. बहिणीने जे सोसलं त्याचा हेवा करणारी बाई तू दुसरी बघितली आहेस का?

उशीर झाला म्हणाले, त्याचं सांगते. बारा दिवसांपूर्वी सकाळी ती शाळेला निघाली आणि बसथांब्यावर बसून राहिली. तीन बस गेल्या. समोरच्या औषधाच्या दुकानातल्या माणसाचा फोन आला, की तुमची मुलगी मघापासून नुसती बसली आहे, बोलत नाही. मी धावत गेले. हात लावला तर तिचं अंग बर्फासारखं गार. तेव्हापासून ती घरी आहे. दिवसभर झोपते, जेवण पुढ्यात ठेवलं की दोन घास खाऊन ताट सरकवते. डॉक्टरांनी समुपदेशक बाईंकडे पाठवलं. तिथे ती पहिल्यांदा बोलली, आणि बोलली ते असं, की मी नसले तर वर्गात कुणाच्या लक्षातही येणार नाही, घरीही काम हलकं होईल. बाईंनी तिच्यासमोरच आम्हाला सांगितलं, की हे ऐकून सोडून द्यायचं नाही, तिला एकटं ठेवायचं नाही, आठवड्यातून दोनदा आणायचं. तिच्या बाबांनी रजा टाकली आहे. तो माणूस, ज्याला बोलायचं म्हटलं की घाम फुटतो, तिच्या खोलीत बसून वर्तमानपत्रातलं हवामान मोठ्याने वाचतो. ती ऐकते. मला त्याचाही हेवा वाटला, पण तो थोडासाच.

परवा बाईंनी तिला एक कागद दिला. पाच रेघा, आणि वर लिहिलेलं, ‘मी कधीही फोन करू शकते अशी माणसं’. तिने पहिल्या रेघेवर लिहिलं, मावशी. थांबली. मग ते खोडलं, पेन तीन-चारदा फिरवून नीट खोडलं, आणि कागद परत दिला. बाकीच्या रेघा कोऱ्या. मी शेजारीच बसले होते. आधी काय वाटलं सांगू? तुझं नाव खोडलेलं तरी होतं. माझं खोडायलाही नव्हतं. बाईंनी मला विचारलं, या मावशी कोण? मी म्हणाले, लांब असते, कामात असते. पोरगी जमिनीकडे बघत होती आणि मी त्या खोलीत बसून अजून एक खोटं बोलले.

अजून एक म्हणाले, कारण पहिलं वेगळं आहे, आणि हे पत्र त्यासाठी आहे. आपलं भांडण झालं त्याच संध्याकाळी मी तिच्या फोनवर तुझा नंबर ब्लॉक केला. तू मला मेसेज केलास, की ती उचलत का नाही, तेव्हा परीक्षा आहे, फोन काढून घेतलाय असं कळवलं. आणि ती विचारायला लागली, मावशी का करत नाही, तेव्हा मी तिला म्हणाले, की मावशी तुझ्या रोजच्या रडगाण्याला कंटाळली, तिने मला तसं सांगितलं. तुझ्या तोंडी घातलेलं ते वाक्य मी बनवलं, धाकटे. शिलाई करता करता, मान वर न करता. मला वाटलं, आता जिना बंद झाला की ती माझ्याकडे येईल. ती कुणाकडेच गेली नाही. एकवीस दिवस तिला वाटतंय, की जगात एकच माणूस ऐकायला होतं आणि तेही तिला कंटाळलं. आज सकाळी मी तिच्या पलंगाशी खाली बसून सगळं खरं सांगितलं, समुपदेशक बाईंनाही फोन करून सांगितलं. ती ओरडली नाही. नुसता हात पुढे केला, मी फोन दिला, तिने स्वतः तुझा नंबर सुरू केला. आणि मग तासभर तो हातात धरून बसली. मी म्हटलं, लाव ना. तर म्हणाली, ‘आता नको. आता तिला खरंच कंटाळा आला असेल.’ मी कितीही सांगितलं तरी ती माझं का म्हणून खरं मानेल? तेव्हा तू फोन कर. हे वाचून झालं की लगेच, डेपोतूनच, एक फेरी उशिरा सुटली तरी चालेल. माझ्याबद्दल तिला काय सांगायचं ते सांग, मी दाराला कान लावणार नाही. ती बोलायला लागली की तुझ्याशीच बोलेल, माझ्याशी नाही, आणि मला पोटात दुखेल. दुखू दे. तू फोन कर.

तुझीच, जळकी पण तुझीच,
ताई